'अरे मस्करीत म्हटलं' याच्यापुढं काय बोलायचं

मागच्या गणपतीत आरती झाल्यावर आमच्या सोसायटीत आम्ही आठ-दहा जण खाली खुर्च्या टाकून बसलो होतो, खिरापत वाटून झालेली, आणि कोणीतरी गेटकडं बघून ओरडलं, "ए बहादूर, जरा पाण्याचा जार आण रे." गेटवरचा पोरगा आला, जार ठेवला, गेला. आता हा पोरगा नेपाळचा नाहीये, आसामचा आहे, बोडो जमातीचा आहे, आणि त्याचं नाव त्याच्या शर्टावरच्या पट्टीवर लिहिलेलं आहे जे रोज दोनदा आमच्या डोळ्यासमोरून जातं. तो गेल्यावर एकानं त्याच्या डोळ्यांवरून जोक मारला, त्यात 'चिंकी' होतं, सगळे हसले. मी पण हसलो. आणि मी काही फार वेगळा नाही, दीड वर्ष मी पण त्याला बहादूरच म्हणत होतो.

त्या रात्रीनंतर बरेच महिने मी हे करून बघतोय की असं काही कानावर आलं तर नक्की काय करायचं, म्हणजे भांडण न होता पण गप्प पण न बसता. बऱ्याच वेळा फसलो. जे जमलं ते लिहितोय. हे ज्याला तो शब्द लागतो त्याच्यासाठी नाहीये, त्याला आपण काय शिकवणार, त्यानं आयुष्य काढलंय त्यात. बाजूच्या खुर्चीवर बसलेल्यांसाठी आहे.

आधी कान तयार करा, कारण अर्धे शब्द आपल्याला शिवी वाटतच नाहीत. बाहेरचे लगेच कळतात, चिंकी, मद्रासी, लुंगीवाला, यंडुगुंडू, भय्या (ज्या सुरात आपण म्हणतो त्या सुरात), आणि मुसलमानांसाठी गावाकडं सर्रास चालतो तो ल वरचा शब्द, जो मी टाइप करत नाही, तुम्हाला माहितीये. पण घरातले बघा. पोरं दंगा करायला लागली की "काय कैकाड्यांसारखं ओरडताय", बायका भांडल्या की "वडारणीसारखी भांडते", जास्त प्रश्न विचारले की "चांभारचौकशा बंद कर", फसवणारा माणूस म्हणजे "भामटा". भामटा हे एका जमातीचं नाव आहे हे मला पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मापासून चोर ठरवल्या, सोलापूरला तारेच्या कुंपणात लोकांना ठेवलं होतं, पोलिसात हजेरी लावल्याशिवाय गाव सोडता यायचं नाही. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला पण शब्द आपल्या तोंडात राहिला. आणि गल्लीची नावं तरी काय, महारवाडा, मांगवाडा, २०२० च्या डिसेंबरात सरकारला निर्णय काढायला लागला की वस्त्यांची असली नावं बदला म्हणून.

शब्द शिवी आहे की नाही हे कसं ओळखायचं यावर लोक तासभर वाद घालतात, "अरे भय्या म्हणजे भाऊच की". माझी टेस्ट साधी आहे. हाच शब्द ह्याच सुरात त्या माणसाला त्याच्या पोरीसमोर म्हणशील का? लखनौहून आलेल्या तुझ्या साहेबाला म्हणशील का? नाही ना, मग झालं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड एकच आहे, हसू नका. बस्स. पुढचं काही जमलं नाही तरी चालेल. जोक मारणारा माणूस जोक मारून झाल्यावर आजूबाजूला बघतोच बघतो, कोण हसलं कोण नाही, ते दोन सेकंद चेहरा सरळ ठेवा. वाईट तोंड करायची गरज नाही, नुसतं हसू नका. हे वाचायला किरकोळ वाटतं पण करून बघा, गाल आपोआप वर जातात, सवय असते ती.

दुसरं म्हणजे "म्हणजे?" विचारा. खरंच न कळल्यासारखं, चिडून नाही. "चिंकी म्हणजे?" मग तो म्हणतो अरे ते नॉर्थ ईस्टवाले. "हां, मग त्यात गंमत काय?" आता त्याला बोलायला लागतं की त्यांचे डोळे बारीक असतात म्हणून, आणि हे मोठ्यानं, पूर्ण वाक्यात, चार लोकांसमोर बोलताना त्यालाच कसंतरी होतं. समजावून सांगायला लागला की जोक मरतो, आणि मारलेला तुम्ही नाही, त्यानंच मारला. मी हे ऑफिसच्या कँटीनमध्ये तीनदा केलंय, दोनदा समोरच्यानं विषय बदलला, तिसऱ्या वेळी मात्र माझा आवाज चढलेला होता आणि मग तो उलट पेटला, त्यामुळे आवाजाकडं लक्ष द्या, "म्हणजे?" चा सूर भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारताना असतो तसा पाहिजे.

लेक्चर देऊ नका, हे मी कळवळून सांगतोय. मी एकदा दिलं होतं, निदो तानियामपासून सुरू केलं. अरुणाचलचा मुलगा, दिल्लीत लाजपत नगरला २०१४ च्या जानेवारीत दुकानात पत्ता विचारायला गेला, दुकानात त्याच्या रंगवलेल्या केसांवरून चेष्टा झाली, त्यातून मारहाण, दुसऱ्या दिवशी गेला पोरगा. मग त्यानंतर ईशान्येच्या लोकांच्या तक्रारींवर नेमलेली बेझबरुआ समिती, मग २०१२ चा ऑगस्ट, जेव्हा अफवांचे मेसेज फिरले आणि बंगळुरूहून ईशान्येचे हजारो लोक गाड्या भरभरून गुवाहाटीकडं निघाले आणि आपल्या पुण्यातूनही निघाले, सरकारनं दिवसाला पाचच एसएमएस पाठवायची मर्यादा घातली होती, आठवत असेल. सगळं खरं होतं, सगळं महत्त्वाचं होतं, आणि समोरचा माणूस मोबाइल बघत होता. कारण मी त्याला सांगत होतो की तू खुनी आहेस आणि तो म्हणत होता की मी जोक मारलाय. ही माहिती स्वतःजवळ ठेवा, कोणी नंतर एकटं येऊन खरंच विचारलं की "यात एवढं काय आहे" तर तेव्हा काढा.

पुढं ठरलेली उत्तरं येतात, त्यांची तयारी ठेवा.

"मस्करीत म्हटलं रे." याला मी म्हणतो, माहितीये मस्करीत म्हटलंस, म्हणून तर तुलाच सांगतोय. भांडायला म्हटलं असतंस तर मी बोललोच नसतो. हे चालतं कारण त्यात त्याला वाईट माणूस ठरवलेलं नसतं.

"त्याला स्वतःला काही वाटत नाही, तो पण हसतो." इथं डॅरेन सॅमीची गोष्ट सांगा, क्रिकेट आहे त्यामुळे लोक ऐकतात. वेस्ट इंडीजचा कॅप्टन, दोन टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकलेला माणूस, आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना टीममधले त्याला 'काळू' म्हणायचे. त्याला वाटायचं याचा अर्थ तगडा घोडा वगैरे असेल, तो पण हसायचा, कौतुक समजून. २०२० मध्ये त्याला खरा अर्थ कळला आणि तो जाम चिडला, जाहीरपणे बोलला. मग एका सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं, प्रेमानंच म्हणत होतो असं कळलं, ते त्यानं मान्य पण केलं. पण बघा ना, इतकी वर्षं तो हसत होता याचा अर्थ त्याला चालत होतं असा निघतच नाही, त्याला कळतच नव्हतं. आणि आमच्या गेटवरच्या पोराला तर कळतं, पण आठ-दहा फ्लॅटमालकांसमोर बारा तासांची ड्युटी करणारा माणूस हसणार नाही तर काय करणार?

"मग आम्हाला घाटी म्हणतात ते?" हे मला सगळ्यात आवडतं, कारण इथं समोरच्यानं स्वतःच दार उघडलेलं असतं. मुंबईत मराठी माणसाला घाटी म्हणून हिणवलेलं आहेच, आणि गोव्यात घाटावरून आलेल्या कोणालाही म्हणतात, मग तो कोल्हापूरचा असो की बेळगावचा. मी एवढंच विचारतो, तुला कोणी म्हटलं होतं का कधी? कुठं? लोकांना वर्ष आठवतं, जागा आठवते, कोण कोण बाजूला होतं आणि त्यातलं कोण हसलं ते पण आठवतं. माझा एक मित्र, भयंकर तोंडाळ माणूस, त्यानं कॉलेजमधली गोष्ट सांगितली, कफ परेडच्या एका मुलीच्या घरी वाढदिवसाला गेला होता, तिथं कोणीतरी म्हणालं, आणि तो सांगताना मधेच थांबला. मी पुढं काही बोललो नाही. बोलायचंही नसतं तेव्हा.

घरातल्या मोठ्यांचं वेगळं आहे. तिथं "म्हणजे?" चालत नाही, उद्धटपणा वाटतो, आणि चारचौघात तर अजिबात नाही. आमची आत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत सदतीस वर्षं शिकवलेली, ती माझ्याकडं आली की कोंढव्यात राहणाऱ्या आफ्रिकेतल्या मुलांना 'हबशी' म्हणते. आणि फक्त त्यांनाच नाही, कोण हावरटासारखं जेवलं तरी हबशी. मी स्वयंपाकघरात ती भाजी निवडत होती तेव्हा बसलो शेजारी आणि म्हटलं, आत्या, तू मलिक अंबर शिकवायचीस ना? "हो मग, मलिकंबरी धारा, किती मार्कांना यायचं ते." तो कोण होता? "हबशी", म्हणाली आणि जरा थबकली. मग आम्ही त्यावरच बोललो, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली जिचं पुढं औरंगाबाद झालं, १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणायचे हे तिनंच मला सांगितलं. म्हणजे शब्द मुळात मुलखाचा, हबश म्हणजे आताचा इथिओपिया. "मग वाईट कुठंय तो?" हा तिचा प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं शब्द वाईट नाही आत्या, पण तू तो मलिक अंबरसाठी वापरतेस तेव्हा वेगळा आणि जेवणावर तुटून पडलेल्या माझ्या पोरासाठी वापरतेस तेव्हा वेगळा. त्यावर काही बोलली नाही. अजून म्हणते, खोटं कशाला सांगू, पण आता म्हणून झालं की माझ्याकडं बघते. तेवढं झालं तरी मी खूष आहे, बहात्तर वर्षांची सवय आहे.

यातून एक कळलं की मोठ्यांना त्यांच्याच ज्ञानातनं सांगायचं. आणि सांगणारा जवळचा पाहिजे, कान सोनारानंच टोचावे म्हणतात ते याच्यासाठी (हो, म्हणीत इथं पण जात आलीच, फक्त सोनार मानानं आलाय, बिचारा चांभार चौकशीत अडकला). कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र काकांना ग्रुपमध्येच दुरुस्त करू नका, ते चवताळतात आणि मग तीन दिवस गुड मॉर्निंग पण येत नाही. वैयक्तिक मेसेज करा, "काका, तो फॉरवर्ड डिलीट कराल का, माझ्या टीममध्ये मणिपूरची मुलगी आहे, ती रोज माझ्यासोबत डबा खाते, मला बरं नाही वाटलं ते." कारण स्वतःचं द्या. समाजाचं दिलं की काका समाजावर बोलतात.

पोरांचं सगळ्यात लवकर होतं आणि सगळ्यात लवकर सुटतं, वर्गात एखाद्याला काळ्या किंवा मोमो म्हणत असतील तर त्यांना नुसतं विचारा त्याचं खरं नाव काय, आणि घरी त्या नावानंच विषय काढत राहा. आणि हो, घरात "ऊन्हात जाऊ नको काळी होशील" चालू ठेवून हे होणार नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्याकडं माझं स्वतःचं सगळ्यात उशिरा लक्ष गेलं. आपण सगळा वेळ बोलणाऱ्याला सुधारण्यात घालवतो आणि ज्याला तो शब्द लागला तो तिथंच उभा असतो, त्याच्याकडं कोणी बघत पण नाही.

२०२१ ची सिडनी टेस्ट आठवा. १० जानेवारी, चौथा दिवस. सिराज बाउंड्रीवर फील्डिंग करत होता, स्टँडमधून त्याच्या रंगावरून बोलणं चालू होतं, आदल्या दिवशी त्याला आणि बुमराहला पण झालं होतं. सिराज रहाणेकडं आला. नुकतेच वडील गेलेले, पहिलीच टेस्ट सिरीज, नवा पोरगा, आणि कॅप्टन आपला अजिंक्य. रहाणेनं काय केलं, स्टँडकडं बघून शिव्या दिल्या नाहीत, सिराजला "इग्नोर कर रे" पण म्हणाला नाही. अंपायरकडं गेला, खेळ थांबला, दहाएक मिनिटं. सिराजनं नंतर सांगितलं की अंपायर म्हणाले होते तुम्ही हवं तर मैदान सोडू शकता, आणि रहाणे म्हणाला की आम्ही का सोडायचं, आमचं काही चुकलेलं नाही, आम्ही खेळणार. पोलिसांनी सहा प्रेक्षकांना स्टँडमधून बाहेर काढलं. पुढं ऑस्ट्रेलियाच्या बोर्डानं चौकशी करून मान्य केलं की वर्णद्वेषी बोलणं झालं होतं.

(तेव्हा आपण सगळे भडकलो होतो, मी तर जास्तच. २००७ च्या ऑक्टोबरात वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सकडं बघून लोकांनी माकडाचे आवाज काढले होते तेव्हा मी टीव्हीसमोर होतो आणि मला ते गमतीशीर वाटलं होतं. आपला तो बाब्या. असो.)

तर रहाणेनं केलं तेच आपण करायचं, फक्त लहान आकारात. ज्याला लागलं तो तुमच्याकडं आला तर पहिलं वाक्य "तो तसा नाहीये रे मनानं" हे नको. "मी ऐकलं" हे म्हणा. मी ऐकलं, बरोबर नव्हतं ते. बऱ्याच वेळा एवढंच पुरतं, कारण त्या माणसाला सगळ्यात जास्त शंका ही असते की हे फक्त मलाच ऐकू आलं का. मग विचारा, तुला काय करायचंय, मी बोलू का त्याच्याशी, की तक्रार करायचीये, की काहीच नको? आणि काहीच नको म्हणाला तर काहीच नको. त्याच्या वतीनं झाशीची राणी होऊ नका, नोकरी त्याची आहे, भाड्याची खोली त्याची आहे, तुम्ही भांडून घरी जाल आणि उद्या गेटवर तो उभा असेल. पण जागा त्यानं सोडायची नाही हे मात्र बघा. पार्टीतून, ग्रुपमधून, टीममधून ज्याला बोललं तोच निघून जातो आणि बोलणारा जेवून जातो, हे नेहमीचं आहे. त्याच्या शेजारी जाऊन बसा, जेवण संपेपर्यंत.

स्वतःच्या तोंडून निघालं आणि कोणी टोकलं तर? "सॉरी, चुकलं, परत नाही म्हणणार" आणि पुढं चला. माझे किती मित्र नॉर्थ ईस्टचे आहेत, माझ्या मनात तसं नव्हतं, मी रात्रभर झोपलो नाही, हे सगळं सांगत बसलात की समोरच्यालाच तुमचं सांत्वन करायला लागतं. मी गेटवरच्या त्या पोराला सॉरी म्हणायला गेलो तेव्हा हेच केलं, पाच मिनिटं बोललो, तो "ठीक है सर, ठीक है सर" म्हणत मागं सरकत होता आणि मागं गाडी हॉर्न वाजवत होती. दुसऱ्या दिवशीपासून नुसतं नावानं हाक मारायला लागलो. त्याचा उपयोग झाला, आता सोसायटीतली पाच-सहा घरं नावानं हाक मारतात, आणि पोरं तर दादा लावून.

शेवटी पोलीस. रोजच्या जोकसाठी कोणी पोलिसात जात नाही आणि जाऊ पण नये, पण धमकी असेल, अंगावर येणं असेल, मुद्दाम चारचौघात अपमान असेल, घर सोडायला लावत असतील, तर जायचं, आणि तुम्ही साक्षीदार म्हणून सोबत जायचं. तात्काळ असेल तर ११२. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांसमोर अपमानित केलं किंवा जातीवरून शिवी दिली तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं, अटकपूर्व जामीन सहसा नाही. ईशान्येकडचे बरेच लोक अनुसूचित जमातीचे असतात, 'चिंकी' म्हटल्यावर हा कायदा लागू शकतो असं केंद्राच्या गृह खात्यानं २०१२ मध्येच राज्यांना कळवलं होतं. अत्याचाराच्या तक्रारींसाठी १४५६६ ही हेल्पलाइन आहे, दिल्लीत कोणी ओळखीचं असेल तर तिथं ईशान्येच्या लोकांसाठी पोलिसांचं वेगळं युनिट आहे, नंबर १०९३. बाकीच्यांसाठी भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे, वंश, धर्म, जन्मस्थान, भाषा, जात यांवरून तेढ वाढवणं, आणि ३५२ आहे, भांडण पेटावं म्हणून मुद्दाम अपमान करणं. आमच्या हद्दीत येत नाही म्हणाले तर झिरो एफआयआर सांगा, दखलपात्र (पोलिसांना थेट नोंदवता येतो असा) गुन्हा असेल तर कुठल्याही ठाण्यात घ्यायलाच लागतो.

जायच्या आधी घरीच बसून लिहून काढा, तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, ती जागा लोकांना दिसणारी-ऐकू येणारी होती का (कायद्यात याला फार महत्त्व आहे, बंद घरात कोणी नसताना बोललं तर केस लटकते). कॅमेरा असेल तर सोसायटीकडून फुटेज लगेच मागा, बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. आणि ठाण्यात बसलेला माणूस घाईत "शिवीगाळ केली" एवढंच लिहून मोकळा होईल, तेवढ्यावर सही करू नका. जो शब्द बोलला गेला तो जसाच्या तसा लिहायला सांगा, फुल्या नाहीत, टिंबं नाहीत. मी वर ल वरचा शब्द टाइप केला नाही ना, त्या कागदावर मात्र तो पूर्ण लिहायला लावेन.